उत्तरेची फुफी

एप्रिल महिन्यात आमच्या राजापुरात कोणाचे दात दुखत नाहीत. दुखत असले तरी दाखवायला कोणी येत नाही, कारण आंबा उतरवायचा असतो, पेट्या भरायच्या असतात आणि दाढ पावसाळ्यापर्यंत थांबू शकते असं सगळ्या तालुक्याचं मत आहे. मी दंतवैद्य असूनही हळूहळू माझंही तेच मत झालं आहे. तेव्हा रिकाम्या खुर्चीकडे बघत बसण्यापेक्षा वीस वर्षं टाळलेलं एक आमंत्रण उरकावं, असं ठरवून मी छत्रपती संभाजीनगरला चार दिवस जाऊन आलो. परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, वेरूळ पाहिलंत का? नाही पाहिलं. मी कांद्याचं बी पाहिलं, आणि त्याची हकीकत वेरूळपेक्षा कमी जुनी असली तरी सांगण्यासारखी आहे.

आधी माझा एक दुर्गुण सांगून टाकतो. मला हवामानाच्या ॲपचं व्यसन आहे. फोनमध्ये तीन आहेत, त्यातलं एक वर्गणी भरून घेतलेलं. ते नुसतं पाऊस पडेल की नाही एवढ्यावर थांबत नाही. नकाशावर हिरवे, पिवळे, लाल डाग दाखवतं आणि प्रत्येक डाग पुढच्या दोन तासांत कुठे सरकणार त्याचा बाण काढतं. कोकणात या बाणाला काही काम नसतं. आमचा पाऊस जूनमध्ये येतो आणि बसतो. तो कुठे चालला आहे हे विचारण्यात अर्थ नाही, कारण तो कुठेच चाललेला नसतो. त्यामुळे ‘ये, पण सध्या अवकाळीचं चाललंय इकडे,’ असं माझा तिथला मित्र सलीम फोनवर काळजीने म्हणाला, तेव्हा मला खरं सांगायचं तर आनंदच झाला. बाणाला अखेर काम मिळणार होतं.

हर्सूल

सलीम माझा डेंटल कॉलेजातला रूममेट. शहरात त्याचा दवाखाना आहे, आणि तिथे एप्रिलमध्येही दात दुखतात. पहिल्या दिवशी संध्याकाळी दवाखाना बंद करून तो मला हर्सूलच्या तलावावर घेऊन गेला. दिवसभराच्या झळांनंतर पाण्यावरून वारा येत होता. आमच्याकडे तलाव बघायला कोणी मुद्दाम जात नाही, विहिरीत डोकावलं की तेवढं पाणी दिसतं. इथे मात्र माणसं पाण्याकडे तोंड करून बसली होती आणि फारसं बोलतही नव्हती. ते मला आवडलं.

पश्चिमेला काळं दिसत होतं. सलीम म्हणाला, निघू या. मी फोन काढला. डाग दौलताबादच्या पलीकडे होता आणि बाण दक्षिणेकडे. हर्सूल : पुढचे दोन तास कोरडे. मी त्याला बाण दाखवला, बाण कसा ठरतो तेही समजावलं. समजावणं संपायच्या आत आम्ही भिजलो होतो. भिजणं म्हणजे आतल्या बनियनपर्यंत. पळत एका चहाच्या टपरीत शिरलो आणि मी पुन्हा फोन पाहिला. हर्सूल : कोरडे. दहा मिनिटांनी त्यात बदल झाला आणि ॲपने मोठ्या मनाने कळवलं की सध्या तुमच्या ठिकाणी पाऊस पडत आहे.

“खोटं नाय बोलत रे तुझं ॲप,” सलीम टॉवेल पिळावा तसा रुमाल पिळत म्हणाला. “फक्त आपल्यानंतर बोलतं.”

मग ओल्या कपड्यांनीच नान-खलिया खाल्ला. मोठा मऊ नान, पिवळसर रंगाचा, आणि वर तेल तरंगणारा मटणाचा रस्सा. आमच्याकडे रस्सा म्हटला की नारळ आलाच. इथे नारळ नाही म्हणून मी पहिल्या घासाला थोडा दुखावलो, तिसऱ्या घासाला नारळ विसरलो. सलीमने सांगितलं, उद्या गावाकडे जायचंय, अब्बांना भेटायला. त्यांचं उळं वाळत पडलंय, ते सोडून ते शहरात येणार नाहीत. कांद्याच्या बियाला तिकडे उळं म्हणतात.

लासूर स्टेशन

सलीमचे वडील बशीरचाचा सत्तरीच्या पुढचे, सडपातळ, कानाने थोडे जड. लासूर स्टेशनच्या बाहेर रस्त्यालगत त्यांचं घर आणि मागे शेत. कांद्याचं बी धरणं हे त्यांचं वर्षाचं काम. फुलाचे पांढरे गोंडे काळसर व्हायला लागले की कापायचे, अंगणात ताडपत्र्या पसरून त्यावर उन्हात वाळवायचे, मग बडवून बी काढायचं. आसपासच्या गावांतली माणसं दुसरीकडचं बी घेत नाहीत, ‘बशीरभाईचं उळं’ मागतात. ते उगवतं म्हणून मागतात. एकदा जरी ते भिजून निकामी गेलं आणि कोणाच्या वाफ्यात उगवलं नाही, तर चाळीस वर्षांचं नाव त्या वाफ्यात गाडलं जाणार, हे चाचांनी मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळीकडे गोंडे.

सकाळी चाचींनी, म्हणजे सलीमच्या आईने, खिचडी आणि खट्टा वाढला. खट्टा म्हणजे चिंचेचं आंबट पाणी, त्यात कच्चा कांदा आणि मिरची. आम्ही सकाळी पेज पितो आणि ती आजाऱ्याला देतात असा आमच्यावर आरोप असतो. ही खिचडी खाऊन कोणी आजारी राहणं शक्य नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा चाचींनी आणखी वाढली.

दुपारी पश्चिमेला ढग आले. माझ्या ॲपने सांगितलं, चाळीस मिनिटांत पाऊस. मी ते सांगायला उठलो तोवर चाचांनी स्वतःचा फोन लावला होता. पलीकडे वैजापूरला दिलेली त्यांची बहीण होती. सलाम-दुआ झाली, गुडघ्यांची चौकशी झाली, नातीच्या परीक्षेचा निकाल लागला, आणि मग चाचांनी विचारलं, “तेरे उधर आसमान क्या बोलरा?” उत्तर ऐकून त्यांनी फोन ठेवला.

“वैजापुरात नुसती धूळ हाय. इथं यायचं नाय.”

आलं नाही. चाळीस मिनिटं गेली, ऐंशी गेली. ॲपने चाळीस मिनिटांचा वायदा तेवढा चारदा पुढे ढकलला.

सलीमने मग मला त्यांची पद्धत समजावून सांगितली. चाचांना चार बहिणी, म्हणजे सलीमच्या चार फुफी. एक पश्चिमेला वैजापूरला दिली, एक दक्षिणेला गंगापूरला, एक पूर्वेला हर्सूलला आणि सगळ्यात मोठी उत्तरेला देवगाव रंगारीला. ढग जिकडून दिसतील तिकडच्या बहिणीला फोन लावायचा. ज्यांनी या सोयरिकी जुळवल्या त्यांच्या मनात हवामान नक्कीच नसणार, पण चारही दिशांना एकेक माणूस बसलं होतं, आणि त्यांना घरातल्यांशी खरं बोलायची सवय होती. मला माझी वर्गणी आठवली.

“मग उत्तरेची फुफी काय म्हणते?” मी विचारलं.

चाचा उठून गोंडे उलटे करायला निघून गेले.

ती गोष्ट चाचींनी सांगितली, भाकरी थापता थापता. दोन वर्षांपूर्वी सलीमच्या धाकट्या भावाचं लग्न होतं. वलीम्याच्या, म्हणजे मुलाकडच्या जेवणाच्या, दिवशी सकाळी उत्तरेच्या फुफीचा, म्हणजे हमीदाफुफींचा, देवगावहून निघतानाच फोन आला की गारा येतायत, मांडव काढा. चाचांनी मांडव काढला. तीनशे माणसांचं जेवण, डेगी, पातेली, सतरंज्या, सगळं एका गोडाऊनमध्ये हलवलं. तिथे पंखा नव्हता. दिवसभर लख्ख ऊन पडलं. पाहुणे घामाने निथळत जेवले आणि व्याही मंडळी जे बोलायचं ते बोलली. चाचांना ते फार लागलं. सगळ्या बिरादरीसमोर ते मोठ्या बहिणीला म्हणाले, “तुझ्यापेक्षा मोबाईल बरा.”

“त्या दिवसापासून आपाचा फोन नाय,” चाची म्हणाल्या. “यांनी बी केला नाय. उत्तरंला आता मोबाईलच बघतात.”

मी विचारलं, मोबाईल चुकत नाही का? त्या हसल्या.

“लई चुकतो. मागल्या महिन्यात तीनदा उळं उचलाया लावलं त्यानं. पन मशीन हाय ना, त्याच्यावर काय रागवायचं.”

हे ऐकून मला थोडं बरं वाटलं, कारण मशीनच्या बाजूचा मीच एक तिथे होतो. मग लगेच वाईट वाटलं. एका ॲपला महिन्यात तीन चुका माफ आणि बहिणीला आयुष्यात एक नाही, हा हिशोब मला कुठल्याच बाजूने पटेना. पण मी पाहुणा होतो आणि भाकरी गरम होती.

लासूर स्टेशन, तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला उत्तर काळी झाली. नुसती काळी नाही, खालून हिरवट. वारा एकदम पडला. शेजारच्या शेळ्या विनाकारण ओरडायला लागल्या.

चाचा फोन हातात धरून अंगणात उभे राहिले. तीन बहिणींचे नंबर त्यांच्याकडे होते आणि तिन्ही चुकीच्या दिशेला होत्या. मग ते माझ्याकडे वळले. “डॉक्टर, तुमचं मशीन काय म्हनतं?”

इतक्या मानाने मला कोणी दाताबद्दलही विचारलेलं नाही. मी तिन्ही ॲप उघडली. मोठा लाल डाग देवगाव रंगारीवर बसला होता आणि बाण पूर्वेला, फुलंब्रीकडे चालला होता. लासूर स्टेशन : पुढचे दोन तास कोरडे. तिन्हींचं एकमत होतं, जे आजवर मी पाहिलं नव्हतं.

“पूर्वेला जातंय, चाचा. इकडे नाही येत.”

“नक्की?”

इथे मी हर्सूल आठवायला हवं होतं. पण काल फुफीच्या फोनपुढे माझ्या ॲपची शोभा झालेली, आणि आज पहिल्यांदा त्याला कोणी काही विचारत होतं. मी म्हणालो, “नक्की.”

चाचांनी मान हलवली, पण ते बसले नाहीत. त्यांची अडचण मला तेव्हा कळली. नुसतं झाकून भागत नाही, असल्या वाऱ्यात वरची ताडपत्री जागेवर राहत नाही. अर्धवट वाळलेलं उळं गाठोड्यात बांधून शेडमध्ये रचलं तर ते आतून गरम होतं आणि उगवण जाते. फार तर तासाभरासाठी उचलता येतं. न उचलता गारा आल्या तर सगळंच जातं. म्हणजे उगाच उचललं तरी नुकसान, न उचललं तरी नुकसान, आणि मधे माझं ‘नक्की’.

तेवढ्यात फोन वाजला. चाचांच्या फोनवर नाव आलं नाही, नुसता नंबर आला. नाव त्यांनी दोन वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं. पण नंबर बघून चेहरा असा झाला की तो त्यांना पाठ होता हे आम्हा सगळ्यांना समजलं. कानाने जड असल्यामुळे ते फोन नेहमी स्पीकरवर लावतात.

“बशीर, उळं उठाया क्या?” म्हातारीचा आवाज, धापा टाकणारा.

“आपा...”

“सलाम बाद में कर. पैले उठा. गारां गिर रैं यहां. सुन.”

तिने बहुतेक फोन पत्र्याखाली धरला. इकडे आमच्या शांत अंगणात, शेळ्यांच्या ओरडण्यात, देवगावच्या पत्र्यावर पडणाऱ्या गारा वाजायला लागल्या. लाल डागाला आवाज असतो हे मला माहीत नव्हतं.

“सुना? मेरा बछडा भार है, मैं जातूं,” असं म्हणून तिने फोन ठेवला. स्वतःचं वासरू गारांत उभं ठेवून तिने आधी भावाला फोन केला होता. हे चाचांच्या लक्षात आलं, चाचींच्या आलं, सलीमच्याही आलं.

चाचांनी फोन खिशात ठेवला. “डॉक्टर, बाण कुठं चाललाय?”

मी पाहिलं. “अजून पूर्वेलाच.”

“बरं.” त्यांनी लुंगी वर खोचली. “उचला.”

“पण चाचा, तिन्ही ॲप...”

“तुमचं ॲप भिजलंय का? तिच्या पत्र्यावर पडायल्यात.”

मग जे झालं त्यात माझा वाटा फारसा अभिमानाचा नाही. ताडपत्रीची चार टोकं धरायची, गाठ मारायची, डोक्यावर घेऊन शेडमध्ये टाकायची. चाचा आणि सलीम एका फेरीत एक गाठोडं नेत होते, चाची त्याच वेगाने, आणि मी दर फेरीला थांबत होतो. एक गाठोडं घेऊन मी दावणीला अडखळलो आणि गोंडे शेळ्यांच्या पुढ्यात सांडले. शेळ्यांनी ओरडणं तात्काळ बंद केलं. चाची मला म्हणाल्या, तुमी शेडमधी उभं राहून मोजा. मोजण्यासारखं काही नव्हतं, पण मी आज्ञाधारकपणे उभा राहिलो.

अर्ध्या तासात अंगण मोकळं झालं. शेवटचं गाठोडं आत पडलं आणि वारा सुटला. धूळ उठली, पत्रा खडखडला, आम्ही चौघं दारात दाटीने उभे राहिलो. मग पडले, ते चार थेंब. अंगणातल्या धुळीत त्यांचे चार ठिपके पडले, ते मी नीट मोजले, कारण मोजण्याचं काम माझ्याकडे होतं.

त्यानंतर काही नाही. उत्तरेचा काळा ढीग डावीकडून उजवीकडे सरकत फुलंब्रीकडे निघून गेला, अगदी बाणाने काढलेल्या रेघेवरून. पश्चिमेला ऊन पडलं. मोकळं, कोरडं, झाडल्यासारखं अंगण चमकायला लागलं.

माझं ॲप बरोबर निघालं होतं. तीन दिवसांत पहिल्यांदा, आणि मिनिटाला मिनिट. मला ते सांगायचं होतं, फार सांगायचं होतं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात सलीमने माझ्या पायावर पाय ठेवला आणि फोन वाजला. पुन्हा तोच नंबर.

“बशीर,” आवाज आता शांत होता. “गिरे क्या?”

चाचांनी अंगणाकडे पाहिलं. मग आभाळाकडे. तिथे निळं सोडून काही नव्हतं. पुन्हा एक मांडव विनाकारण मोडला होता. या माणसाला खरं बोलायची सवय होती, आणि खरं बोलला तर आता उरलेलं आयुष्य उत्तरेचा फोन येणार नव्हता.

“गिरे, आपा,” चाचा म्हणाले. “भोत गिरे.”

“उळं?”

“अंदर है. पूरा. तेरा फोन नै आता तो...” ते माझ्याकडे वळले. “भरोसा नै तो डॉक्टर से पूछ ले. कोकण का है, झूठ नै बोलता.”

आणि त्यांनी फोन माझ्या तोंडापुढे धरला.

“हां, फुफी,” मी म्हणालो. “बहुत गारां पडीं. नारळ जैसी.”

चाचांनी डोळे वटारले आणि हाताने खूण केली : लहान, लहान.

“म्हणजे... छोटा नारळ. सुपारी.”

“और वो मोबाईल?” तिने विचारलं. “वो क्या बोल्या था?”

वर्षानुवर्षं वर्गणी भरून जपलेलं माझं ॲप माझ्याच हातात होतं, आणि त्यावर अजून लिहिलेलं होतं : कोरडे.

“मोबाईल गलत बोला, फुफी,” मी म्हणालो.

मग ती म्हणाली, जुम्म्याला येते, भाभीला म्हणावं खट्टा कर. चाचा फोन हातात धरून बराच वेळ उभे राहिले. रडत होते. मी शेळ्यांकडे पाहत राहिलो.

परत

त्याच संध्याकाळी शेडमधलं उळं ऊब धरायच्या आत सोडलं, आणि चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा अंगणभर पातळ पसरलं. या वेळी मला एक कोपरा स्वतंत्रपणे सोपवण्यात आला, शेळ्यांपासून लांबचा. चाचींनी विचारलं, आपा आली आणि गारा कुठंयत म्हणाली तर काय सांगायचं?

“वितळल्या म्हनावं,” चाचा म्हणाले. “जुम्म्यापर्यंत काय बांधून ठेवायच्या व्हय?”

मी परत आल्यावर पंधरा दिवसांनी सलीमचा फोन आला. चाचांनी ओल्या फडक्यात उळं बांधून उगवण पाहिली होती, चांगली आली. हमीदाफुफी आल्या, खट्टा खाल्ला, गारांबद्दल काहीही विचारलं नाही. जाताना अंगणातल्या पपईकडे मात्र जरा बघत राहिल्या. पपईचं एकही पान फाटलेलं नव्हतं.

लोक मला विचारतात, मग या ॲपवर भरवसा किती ठेवायचा? मी दाढेबद्दल सांगतो तसंच सांगतो. पाऊस आत्ता कुठे आहे, हे ते बरंचसं बरोबर सांगतं, थोडं उशिरा. पुढच्या अर्ध्या तासाचं बघून घ्यावं आणि एकदा बाहेरही बघावं. ते डागाची चाल बघून सरळ रेघ ओढतं, आणि हे ढग सरळ चालतातच असं नाही. वाटेत एक मरतो, शेजारी दुसरा जन्मतो. दोन तासांनंतरचं तर त्या ढगालाही ठाऊक नसतं. ज्यांना उत्तरेला फुफी आहे त्यांनी तिच्याशी बोलणं चालू ठेवावं.

एक गोष्ट मात्र मी सलीमलाही सांगितलेली नाही. त्या चौथ्या दिवशी सकाळी गोंडे पसरत असताना माझा फोन वाजला. ॲपने विचारलं होतं, काल लासूर स्टेशनचा आमचा अंदाज बरोबर होता का? तुमच्या ठिकाणी काय पडलं ते कळवा. खाली चार खुणा होत्या : ऊन, ढग, पाऊस, गारा. मी चाचांकडे पाहिलं. ते देवगावला फोन लावून, काहीही आभाळ नसताना, आसमान क्या बोलरा असं विचारत होते.

मी गारांवर बोट ठेवलं. ॲपने लगेच आभार मानले. तुमच्या नोंदीमुळे पुढचे अंदाज अधिक अचूक होतील, असं ते म्हणालं.